मोरजी, पडवीतलं टेबल

उल्रिके आधी वाचते.
बारा पानांचं पुस्तक, ओळीखाली बोट धरून,
आणि आम्ही चहा निववत बसतो,
भटजी पोथी सोडत असताना बसावं तसे.
तिच्या गावी म्हणे खेळाआधीच
भांडण संपवून ठेवतात.
आमच्याकडे पट मांडतात तेच त्यासाठी.

तिनं कॅरमचंही पुस्तक मागितलं.
रोहिदास पावडर शिंपडत म्हणाला, नसतं.
मग राणीला कव्हर लागतं, हे लिहिलंय कुठे?
"माझ्या घरात लागतं.
पार्श्याला मामाकडे राणी अगदी शेवटी घेतात.
तिथं जेवायचं असेल
तर शेवटी घ्यायची."
तिनं वहीत लिहिलं: मोरजी.
एक ओळ सोडून: पार्से.
मधे टेकडी आहे, तेवढी राहिली.

नोआम फासे टाकताना खुर्चीतून उठतोच.
बाकी बडबड हिब्रूत,
फाशांचे आकडे मात्र कुठले जुने, फारशी:
शेश, पंज, दू.
आत तांदूळ निवडणारी आई थबकली.
"हा आपलं कसं बोलतो गे?"
छक्के-पंजे तिच्या ओळखीचे.
जरा जास्तच.

या टेबलावर पत्ते सोडून सगळं होतं.
विमानतळावर वजन भरेल या भीतीनं
माणसं आधी खेळ टाकून जातात.
एका खोक्यातलं लाल घर हरवलं, तिथे चिंचोका.
दुसऱ्यातला घोडा गेला, तिथेही चिंचोका.
इसामूसान नावाचे म्हातारे त्या चिंचोक्याच्या घोड्यानं
शेजारच्या तन्वेशकडून हरले,
आणि पटासमोर मान लववून, स्वच्छ आवाजात म्हणाले,
मी हरलो.
त्यांच्याकडे हे हरणाऱ्यानंच म्हणायचं असतं.
तन्वेशला काय करावं कळेना. तो पळाला.

बाबा कधी म्हणाले नाहीत.
चवथीच्या रात्री, वर माटोळी, खाली चटई,
त्यांनी खालचं माडांचं भाट पानांवर लावलं.
सकाळी आरतीला उभे राहिले,
आवाज रोजच्याहून मोठा.
आईला कळलं तिसऱ्या दिवशी,
अनोळखी पाडेली आमच्या माडावर दिसला तेव्हा.

डिसेंबरात वीज गेली.
मेणबत्तीच्या उजेडात ग्लेबनं खिशातून जोड काढला.
मी नको म्हणेपर्यंत त्यानं तो वेगळाही केला:
दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी बाजूला.
त्यांच्याकडे खेळ छक्कीपासून सुरू होतो,
खालच्यांना बोलावतच नाहीत.
आई सूप घेऊन बाहेर आली.
रोहिदास उभा राहिला.
ती बसली, आणि तासभर पाहत राहिली.
तांदळात एकही खडा तिला सापडला नाही.

"विचार त्याला, जिंकलं कोण?"
ग्लेब म्हणाला, कुणीच नाही.
ज्याच्या हातात शेवटी पानं उरतात तो मूर्ख,
बाकीचे नुसते सुटतात.
आज मूर्ख मी.
आणि पिसायला घेतली, कारण पिसायचं मूर्खानंच.

आई पुष्कळ वेळ गप्प.
मग म्हणाली, "मग ह्यांच्यात जुगार चालतो तरी कसा?"
मला हसू आलं, तिला नाही.
उल्रिके नेहमीप्रमाणे वही उघडून
माझ्याकडे बघत होती.
मी काही सांगितलं नाही.

एप्रिलात पडवी आवरली.
खोकी प्लास्टिकमध्ये, कॅरम भिंतीला तोंड करून.
ग्लेबची छत्तीस पानं ग्लेबबरोबर गेली होती.
उरलेली सोळा
तांदळाच्या डब्यात मिळाली,
दोऱ्यानं बांधलेली.

मी तिच्याकडे पाहिलं.
"असू दे," ती म्हणाली.
"दुर्री-तिर्रीवर कुणी भाट लावत नाही."